सांगून प्यायलेलं पाणी

शिवा,

काल ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या तुझ्या भिंतीला चुना लावला. नवं राज्य आलं म्हणून गल्लोगल्ली कमानी उभ्या आहेत, पताका फडफडताहेत, आणि ज्या भिंतींनी हे राज्य मागून मागून घसा कोरडा केला त्यांना आता नीटनेटकं करायचं चाललंय. मी कचेरीतून येत होतो. चुनेवाला शिडीवर उभा राहून कुंचा मारत होता. मी खालून ओरडलो, "अहो, जरा थांबा!" तो म्हणाला, "का? भिंत तुमची आहे का?" मी म्हटलं, "भिंत नाही, अक्षर माझ्या मित्राचं आहे." त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि कुंचा पुन्हा बादलीत बुडवला. त्या बिचाऱ्याशी भांडून काय करणार? पण चुन्याचा एकच हात दिलाय रे. तुझ्या 'झालाच पाहिजे'मधलं 'झा' खालून अजून दिसतंय. काळं नाही, राखाडी. पावसाने चुना धुतला की आणखी वर येईल असं मला वाटतं.

तुझ्या भोईवाड्यात तुझ्यासाठी शोकसभा झाली. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, चळवळीत लाठ्या कुठे खाल्ल्यास, सगळं सांगून झालं. ते खरंच आहे, माझी त्याला हरकत नाही. पण तुझ्या तहानेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? ती पाहिली फक्त मी. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपली ओळख झाली ती रंगाच्या डब्यावरून. तू लालबागच्या एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचास आणि मी फोर्टात बोटींच्या एजंटाकडे कारकुनी करायचो. चळवळीच्या पोरांनी तुला भिंती रंगवायला आणलं आणि मला तुझा डबा धरायला दिला, कारण माझ्याकडून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. पहिल्याच पहाटे मी आ वासून बघत राहिलो. बाकीचे आधी सुतळी धरून रेघा आखून घ्यायचे. तू भिंतीपुढे उभा राहिलास, मान जराशी कलती केलीस आणि वरची रेघ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढलीस. मग तिला खालून एकेक अक्षर टांगत गेलास. माणसाच्या हातून इतकं सरळ काही निघताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तू 'बेळगाव-कारवारसह' लिहीत होतास आणि मी मागे उभा राहून बडबडत होतो. "कारवार तर आपलंच रे. पण त्याच्या पुढे काय? मराठी नक्की संपते कुठे, हे कुणी जाऊन पाहिलंय का?"

तू मागे न वळता म्हणालास, "मग जाऊ या की. चालत."

झालं. दसरा उलटला, बोटी सुरू झाल्या आणि आपण निघालो. नागपूरला दीक्षा घेऊन आल्याला तुला वर्ष झालं होतं. मी बिनपगारी रजा घेतली. तुझा मालक म्हणाला, "परत आलास तर ये, जागा असली तर घेईन."

मराठीची हद्द शोधायची माझी कसोटी सोपी होती. गावोगावी मराठीत पाणी मागायचं. जिथे आपलं बोलणं कळेनासं होईल तिथे महाराष्ट्र संपला. ही युक्ती तुला सांगितली तेव्हा तू घासलेटात ब्रश धूत होतास. हसलास.

"पाणीच का रे सापडलं तुला?"

"सगळ्यांनाच लागतं म्हणून."

"हां. सगळ्यांनाच लागतं," तू म्हणालास आणि पुन्हा ब्रश धुवायला लागलास. मला त्यात काही खोच दिसली नाही. फणसवाडीत नळाखाली वाढलेल्या माणसाला दिसायचं कारणही नव्हतं.

आधी शिदोरी मग जेजुरी. आमच्या आईने चिवडा, गूळ आणि सुक्या बोंबलांची पुरचुंडी बांधून दिली. तुझ्या आईने भाकऱ्या आणि लसणीची चटणी. दोन वळकट्या, एक कंदील, कापडात गुंडाळलेले तुझे ब्रश, रंगाच्या काही डब्या आणि माझ्या आजोबांचा फिरकीचा तांब्या, एवढा आपला संसार. खिशात काय होतं ते न बोललेलंच बरं. परतीच्या बोटीच्या भाड्याला मेलो तरी हात लावायचा नाही, एवढं ठरलं होतं. निजायला शाळांचे व्हरांडे आणि वाळूत पालथ्या घातलेल्या होड्या. जेवायचं तुझ्या ब्रशवर.

बोटीच्या डेकवर तू तो तांब्या हातात घेतलास. पितळेचा, झाकण फिरवून बसवायचा, आणि पोटावर आजोबांचं नाव कोरलेलं, आडनावासकट. तू बोटाने अक्षरं चाचपलीस. "कोरणारा चांगला होता," म्हणालास. आणि मग, "तुझं बरंय. तुझं सगळं भांड्यावरच लिहिलंय." मला वाटलं, तू अक्षराची तारीफ करतोयस.

त्या सकाळी सूर्य वर आला तेव्हा मला घाबरायला झालं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. फणसवाडीत आकाश म्हणजे दोन घरांमधली पट्टी. आणि इथे या कडेपासून त्या कडेपर्यंत आकाशच आकाश, खाली तेवढंच पाणी, आणि डाव्या हाताला सह्याद्री नुकता कुठे दिसायला लागलेला. एवढं सगळं एका वेळी पाहायची डोळ्यांना सवय नव्हती. मी खाली डेकच्या फळ्यांकडे बघायला लागलो. तू कठड्याला टेकून तोंड उघडं टाकून उभा होतास, आणि कुणीतरी तुझ्या वळकटीवर बसलं होतं त्याचीही तुला शुद्ध नव्हती.

पहिलं पाणी आपण वेंगुर्ल्याच्या पुढच्या एका वाडीत मागितलं. एक म्हातारी अंगणात भात वाळत घालत होती.

"कोण रे तुमी? खंयसून इलात?"

"मुंबईहून, आजी. पाणी मिळेल का?"

"मेळात तर! बसा." ती कळशी घेऊन आली. मी तांब्या पुढे केला, तिने भरला, मी घटाघटा प्यायलो. मग तिने कळशी तुझ्याकडे वळवली, आणि तू दोन्ही हात मागे घेऊन म्हणालास, "आजी, आधी सांगतो. मी जाधव. पण मराठा नव्हे. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध झालो. आता द्या."

मी जागच्या जागी गार. म्हातारीच्या हातात कळशी तशीच तिरपी राहिली. तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कळशी चांगली खांद्याएवढी उचलली. "ओंजळ धर," म्हणाली. रागाने नाही रे, अगदी मायेने म्हणाली. तू ओंजळ धरली नाहीस. "राहू दे, आजी," म्हणून नमस्कार केलास आणि चालू लागलास.

पुढचा सगळा रस्ता मी तुझ्यावर तोंडसुख घेतलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? जाधव म्हटल्यावर कोण विचारतंय? तिने विचारलं तरी होतं का?"

"म्हणूनच सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते मला नाही जमत."

"अरे, पण तहान लागलीय ना तुला?"

"लागलीय की. पण गप्प राहून प्यालो तर ते पाणी कुठल्या तरी दुसऱ्या जाधवाला मिळालं. मला कुठं मिळालं?"

मी तांब्या पुढे केला. तांब्यातलंही तू घेतलं नाहीस. "ते तिनं तुला दिलंय," म्हणालास. मग मी चिडून रस्त्यात उभा राहिलो आणि विचारलं, तुला हवंय तरी काय? तुझं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मी सांगावं. समोरच्यानं 'बरं' म्हणावं आणि पाणी हातात द्यावं. मिठी नको, भाषण नको. 'बरं' म्हटलं की पुरे."

"मी तर बाबा जातच मानत नाही," मी छाती काढून म्हणालो.

"तुला न सांगता मिळतं, म्हणून तुला न मानणं परवडतं, वश्या. तू पण एकदा सांगून पी. बघ कसं लागतं ते."

"मी काय सांगू? मला कुणी हाकलणार आहे थोडंच?"

"तेच म्हणतोय मी. सांगून बघ."

हा वाद आपण किती घाट चढताना आणि उतरताना घातला, त्याला गणती नाही. ओढ्याचं, नदीचं पाणी तू खुशाल प्यायचास, ओढ्याला काही सांगावं लागत नाही. माणसाच्या हातचं मात्र सांगूनच. पण किनाऱ्याने चालताना ओढे खारे असायचे, आणि ऊन असं की डोक्यावरची टोपी काढली तर केस भाजायचे. माणसं तरी किती तऱ्हेची. कुणी वरून ओतू पाहिलं, कुणी दार लावून घेतलं. एकाने हसतमुखाने पेला हातात दिला. तूही खूश, मीही खूश. आणि आपण वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून राखेने पेला घासल्याचा आवाज आला. तू थांबलास. "हे हिशेबात धरायचं का नाही रे?" मला विचारलंस. मी म्हटलं, धर. तू नाही म्हणून मान हलवलीस आणि चालू लागलास.

गोवा फिरंग्यांच्या ताब्यात, त्यामुळे वळसा घालून घाटावर जायचं आणि जंगलातून पुन्हा खाली कारवारला उतरायचं. ते जंगल, शिवा! आंबोलीपलीकडचं काही मी ऐकूनही नव्हतो. एकेका झाडामागे चाळीतलं एक बिऱ्हाड सहज मावलं असतं. वर पानांचं छत असं गच्च की भर दुपारी दिवेलागणीचा उजेड. एकदा डोक्यावरून काहीतरी घरघरत गेलं. मी चक्क खाली बसलो. तू म्हणालास, "आयला, गिरणीचा पट्टा सुरू झाला!" तो धनेश पक्षी होता, केवढी थोरली चोच, आणि तो आवाज नुसत्या पंखांचा. मग तू एका दगडावर बसलास, रंगाच्या डब्या समोर मांडल्यास आणि समोरच्या दरीकडे बघत राहिलास. पायाला जळवा लागल्या होत्या, तुला पत्ता नव्हता. "हिरवे किती रे हे," म्हणालास. "माझ्या डबीत एकच आहे." तुझा आवाज इतका लहान झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं, कशाने ते आजही नीट सांगता येत नाही.

अंकोल्याला एका खानावळवाल्याने तुला पाटी रंगवायला दिली. कानडी अक्षरं. त्याने कागदावर काढून दिली, तुला त्यातलं एक वाचता येत नव्हतं, पण तू ती अशी उतरवलीस की गोल गरगरीत, जणू जन्मभर कानडीच लिहीत आलास. फक्त सवयीने आधी वरची रेघ ओढून मोकळा झाला होतास. कानडीला वर रेघ नसते, हे आपल्या दोघांच्या गावी नाही. मालक बाहेर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, हें कितें?" आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी तोच हसत सुटला. म्हणाला, राहू दे, अक्षरांना छप्पर झालं. रेघ पुसू दिली नाही. पोटभर मासे-भात वाढला, आणि तू कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "खानावळ ती. पैसे देणाऱ्याला आणि पाटी रंगवणाऱ्याला जात नसते." पाणीही हातात दिलं. पण तुझ्या मते ते व्यवहारात गेलं, हिशेबात धरायचं नाही. तुझे नियम म्हणजे कोर्टाच्या वर होते.

तिथे पाण्याला उदक म्हणत होते. मी म्हटलं, आपल्या पूजेत उदकच म्हणतात, म्हणजे महाराष्ट्र अजून चालू. तू म्हणालास, तुमच्या पूजेत.

आणि मग गिरसप्प्याच्या घाटात माझी कसोटी पुरी झाली. नदी खूप खाली, दरीत. वर रस्ताभर थेंब नाही, तांब्याही कोरडा. सकाळपासून तू काही प्यायला नव्हतास. ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. रस्त्यापासून आत एक घर दिसलं, स्वच्छ सारवलेलं अंगण, आणि दारात एक बाई उभी. गळ्यापासून छातीपर्यंत मण्यांच्या माळाच माळा. मी म्हटलं, "पाणी मिळेल का, बाई?" ती बघत राहिली. "उदक?" तरी नाही. ती काहीतरी बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी उडी मारायचाच बाकी होतो. "शिवा, इथे! इथे संपला महाराष्ट्र!"

मग मी तुझ्याकडे पाहिलं, आणि माझा आनंद विरला.

आपली दशा बघून त्या बाईला तहान कळलीच होती. ती आतून पाण्याचं भांडं घेऊन आली आणि तुझ्यापुढे धरलं. भरलेलं, काठोकाठ, गार. आणि तू हात मागे घेतलेस. तिला सांगायचं होतं तुला. पण सांगणार कशात? मराठी तिला कळत नाही, कानडी तुला येत नाही. जिथे मराठी संपली तिथे तुझी खरी तहान सुरू झाली, हे माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडल्यासारखं शिरलं. माझी ती थोर कसोटी!

"पी, शिवा," मी अक्षरशः हात जोडले. "तिला काय कळतंय? पी मुकाट्याने."

"तिला कळत नाही, म्हणून प्यायचं? ही तर चोरीच झाली." घशातून आवाज निघत नव्हता तुझ्या. ती बाई भांडं धरून उभी. तिला वाटलं असणार, एक वेडा आणि एक रडका. मला तुझा राग आला होता, इतका की तुझ्या थोबाडीत मारून ते पाणी तोंडात ओतावं. आणि त्याच वेळी माझ्या अंगावर काटा आला होता. असा माणूस आपल्याबरोबर चालतोय, आणि आपण आजवर त्याचा डबा धरायचं सोडून काय केलं, असं काहीसं मनात आलं.

तू अंगणातल्या चुलीपाशी गेलास, विझलेला कोळसा उचललास आणि तिच्या त्या सारवलेल्या अंगणात खाली बसलास. आधी देऊळ काढलंस, कळस असलेलं. भोवती घरं, दाटीने. मधोमध विहीर, तिच्यावर बायका. मग खूप जागा मोकळी सोडलीस. पार अंगणाच्या कडेला एक खोपटं काढलंस, आणि खोपटाच्या दारात एक माणूस, हातात रिकामं भांडं. शेवटी त्या माणसावर बोट ठेवलंस आणि मग स्वतःच्या छातीवर. रेघ एकही वाकडी नव्हती.

ती बाई भांडं खाली ठेवून जवळ आली. कंबरेत वाकून तिने ते चित्र देवळापासून खोपटापर्यंत पाहिलं, सावकाश, एखादी चिठ्ठी वाचावी तसं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग तुझ्या तोंडाकडे पाहिलं. एक शब्द बोलली आणि पाण्याचं भांडं उचलून आत निघून गेली.

मी म्हटलं, संपलं. वळकटी उचल, शिवा. तू जागचा हलला नाहीस.

ती बाहेर आली तेव्हा भांडं तेच होतं, पितळेचं. आत पाणी नव्हतं, ताक होतं. ते तिने तुझ्या हातात दिलं. वरून नाही ओतलं, खाली नाही ठेवलं. तुझ्या हातात दिलं आणि आपली दोन बोटं तुझ्या बोटांखालून काढून घेतली. माझ्याकडे तिने तोवर पाहिलंही नव्हतं. तू प्यायलास. डोळे मिटून, एका दमात. मिशीला लागलेलं ताक तू पुसलं नाहीस, आणि तुझ्या गालांवरून काय ओघळत होतं ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. उरलेलं तू मला दिलंस. जाताना तू चित्र पुसायला वाकलास तेव्हा तिने हाताने थांबवलं.

ती काय म्हणाली होती, हे आजतागायत आपल्याला कळलेलं नाही. मी म्हणायचो, 'थांब' म्हणाली असेल. तू शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगत राहिलास, की ती 'बरं' म्हणाली.

त्यानंतर आपण धबधबा पाहिला. त्याच्याबद्दल मी काय लिहू? एक अख्खी नदी कड्यावरून खाली उडी मारते आणि खालपर्यंत पोचायच्या आधी तिचा धूर होतो. आवाज कानाने नाही, छातीने ऐकू येतो. आपण दोघं सूर्य कलेपर्यंत ओल्या खडकावर बसून राहिलो. मला एवढंच वाटत होतं, की हे आधीपासून इथे होतं, मी फणसवाडीत लोणचं खात होतो तेव्हाही हे असंच पडत होतं, आणि मला कुणी सांगितलं नाही. तू म्हणालास, "वश्या, हे रंगवता नाही येणार." मग खाली उतरलास, पोट फुगेस्तोवर पाणी प्यायलास आणि पुढे सगळा वेळ पोट धरून कण्हत बसलास. महाराष्ट्र कुठे संपला त्याची खूण ठेवायची, हे मी साफ विसरून गेलो होतो.

पुढे मलबारात तू होड्यांवर नावं रंगवलीस, माडांच्या सावलीत पाण्यावरून आपण गावंच्या गावं तरंगत पाहिली. चित्राची भाषा तू तिथेही चालवलीस. एका ठिकाणी लोकांनी चित्र लगेच ओळखलं आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. तू आपल्या हाताने ते पुसलंस. "वाचलं तरी त्यांनी," म्हणालास. ती एक बाई सोडली तर तुझ्या कडक हिशेबात दुसरं कुणी बसलं नाही. पण त्या एकीवर तू परत आलास तो असा, की भाऊच्या धक्क्यावर उतरताना तुझी वळकटीसुद्धा तू मला उचलू दिली नाहीस.

शिवा, मी तुला धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. एरवी मी गिरगाव ते फोर्ट आणि फोर्ट ते गिरगाव यातच म्हातारा झालो असतो. ते आकाश, ते हिरवे, ती पडणारी नदी, हे सगळं तुझ्यामागून चालताना मला मिळालं. आणि माणूस तहानेने मरायला टेकलेला असतानाही किती सरळ रेघ ओढू शकतो, तेही.

इस्पितळात तुला भेटलो ती शेवटची भेट. विषमज्वर पाण्यातून होतो म्हणे. कुठल्या पाण्यातून, कोण जाणे. हे ऐकून मला एवढा संताप आला की मी जिन्यात उभा राहून भिंतीवर मूठ मारली. कुणाचं पाणी घ्यायचं याचा तुझ्याइतका विचार करणारा माणूस, आणि त्याला पाण्याने न्यावं! तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि विचारलंस काय, तर, "मग? सांगितलंस कुठं?"

मला कळलं तू कशाबद्दल बोलतोयस. इतक्या वर्षांत मी कुठेही सांगितलं नव्हतं. सांगायची कधी वेळच आली नव्हती, आणि तुझं म्हणणंही तेच होतं. मी म्हटलं, "आधी बरा हो, मग भांडू." तू हसायचा प्रयत्न केलास. राज्य यायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते, कारवार त्यात नव्हतं, आणि त्यावरून आपण भांडायचं ते राहूनच गेलं.

आता जे सभेत बोललो नाही, ते तुला सांगतो. तुला पोचवून आम्ही भोईवाड्यात परत आलो. खोलीत बायका बसलेल्या, दारात माणसं उभी. तुझ्या आईने स्वतः उठून सगळ्यांना पाणी द्यायला घेतलं. कुणी म्हणालं बसा, तर ऐकेना. त्या घरात मी किती वेळा पाणी प्यायलोय, जेवलोय, तुझ्या ताटातला मासा पळवलाय. ती पेला घेऊन माझ्यापुढे आली. आणि माझे हात आपोआप मागे गेले.

"आई, आधी सांगतो," मी म्हणालो. "मी वसंत. फणसवाडीचा. जातीने पाठारे प्रभू. आमच्या आजोबांच्या भांड्यावर नाव कोरलंय, त्या भांड्यातनं तुमच्यातल्या माणसाला आमच्या घरी कधी कुणी पाणी दिलं नाही. आता द्या."

दारातला कुणीतरी कुजबुजला, "ह्यो काय बोलतोय आज?" शिवा, किती लांब वाटतं रे ते, सांगितल्यापासून भांडं हातात येईपर्यंत! घसा सुकून गेला होता, आणि ती नाही म्हणाली असती तर मी काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हतं. तू हे दारोदार केलंस.

तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं, सावकाश. मग पेला माझ्या हातात ठेवला.

"बरं," ती म्हणाली.